लाह्याची जवारी: एकाच कढईत एक फुलते अन् दुसरी नुसती करपते, असं काऊन?

कोरडवाहू (३१ जुलै, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. नागपंचमी होऊन दोन दिवस झाले पण माझ्या डोक्यातून लाह्या काही जाऊन नाही राहिल्या. झालं असं की आईनं दरवर्षीसारखी लाह्याले जवारी काढली, घरची हायब्रीड, मागच्या खरिपाची, दाणा चांगला टपोरा पांढरा, भाकर पण चांगली होते तिची. चूल पेटवली, कढई लाल होईस्तोवर तापवली अन् टाकले दाणे, तर चार फुटले, दहा तडकले अन् बाकीचे बसून राहिले तसेच, मग काळे झाले. आई म्हणे आता नागोबाले काय दाखवू.

मग तिले आठवलं की आत्यानं मेळघाटाच्या बाजूनं आणलेली चार कणसं आढ्याले टांगून ठेवली हायेत, बियाण्याले म्हणून. ती काठीनं झोडली, मूठ दीड मूठ दाणे निघाले, बारीक, जरासे पिवळट, पाहिल्यावर वाटते हे काय फुटणार. त्याच कढईत टाकले तर फडफड फडफड आवाज अन् जाईच्या फुलावानी पांढऱ्या शुभ्र लाह्या, अर्धं सूप भरलं.

आता माझा प्रश्न. चूल तीच, कढई तीच, हात आईचाच. मंग फरक कशाचा? वाण वेगळा हे समजते हो, पण त्या दाण्यात असं नेमकं काय हाये? मी दारव्हा तालुक्यात राहतो, चार एकर कोरडवाहू, यंदा सगळं सोयाबीन अन् कपाशी. पुढच्या वर्षी अर्ध्या एकरात लाह्याची जवारी टाकावी असं मनात येऊन राहिलं, म्हणून विचारतो.

मीठ_भाकर (३१ जुलै, रात्री ९:३०)

काही नाही भाऊ, कढई पहिल्या घाण्याला पुरती तापली नसेल, दुसऱ्या घाण्याला तापली. वाणाबिणाचं काही नसते. आमच्या गावात भट्टीवाला होता तो कोणतीही जवारी फोडायचा.

चुलीवरची_काकू (३१ जुलै, रात्री १०:०५)

मीठभाकर दादा, तो भट्टीवाला कोणतीही जवारी फोडत नव्हता, तो कोणतीही जवारी घेत नव्हता! माझं माहेर अंजनगावकडचं. आमच्याकडचा भट्टीवाला पहिले दाणा दाताखाली धरे. कट् असा आवाज आला तर घे, नाहीतर म्हणे बाई हे घरी ने अन् भाकरी कर.

कोरडवाहू भाऊ, आईनं जवारीला ओल दिली होती का? आमच्याकडे आदल्या दिवशी दुरडीत जवारी घ्यायची, वरून उकळतं आधण ओतायचं, मिनिटभरच, निथळू द्यायचं, मग जुन्या लुगड्याच्या फडक्यात गच्च बांधून रातभर ठेवायचं. सकाळी सावलीत पसरायचं, हाताला ओलं लागलं नाही पाहिजे. उन्हात नाही हं, सावलीत. अन् कढईत एका वेळी मूठभरच, फडक्याच्या बोळ्यानं फिरवत राहायचं, फुटायला लागली की वरून सूप झाकायचं नाहीतर अर्ध्या लाह्या अंगणात.

कोरडवाहू (३१ जुलै, रात्री १०:२०)

काकू, नव्हती दिली. दोन्हीलेही नव्हती दिली, म्हणून तर कोडं पडलं. अन् मीठभाकर भाऊ, आत्याची झाल्यावर आईनं पुन्हा हायब्रीड टाकून पाहिली, तसंच झालं.

बियाणेवाला_पोट्टा (१ ऑगस्ट, सकाळी ७:४८)

भाऊ एकदम आवडीचा विषय काढला, मी ॲग्रीला आहे एमएस्सीला. थोडं लांब होईल, वाचून घ्या.

लाही म्हणजे काय तर दाणा हाच एक छोटा कुकर आहे. आतमध्ये पीठ अन् त्या पिठात मुरलेलं पाणी. बाहेरून टरफल, ते झालं कुकरचं भांडं. तापवलं की आतल्या पाण्याला वाफ व्हायचं असते पण जागा नसते, म्हणून १०० डिग्रीला ते उकळून उडून जात नाही, दाबात राहते. मक्याच्या पॉपकॉर्नवर मोजलेलं आहे, दाणा साधारण १८० डिग्रीला फुटतो, त्या तापमानाला वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या जवळजवळ १० पट होतो. घरच्या कुकरमध्ये शिट्टीच्या वेळी दोन पट असते फक्त, यावरून समजा. एवढ्या दाबात आतलं पीठ शिजून लिबलिबीत झालेलं असते. टरफल फाटलं की दाब एकदम जाते, वाफ फुगते अन् पिठाचा फेस होतो, तो तिथल्या तिथं वाळते. लाही म्हणजे वाळलेला फेस. जवारीचं पण असंच.

आता यात काय काय बिघडू शकते पहा. टरफल चिरलेलं असलं तर शिट्टी निघालेला कुकर, वाफ सुरसुर करून जाते, दाणा भाजला जाते, फुटत नाही. पाणी कमी असलं तर दाबच होत नाही. अन् तिसरं, जे लोकांच्या लक्षात येत नाही ते म्हणजे आतलं पीठ कोणत्या जातीचं.

दाणा ब्लेडनं उभा चिरून पहा. बाहेरच्या बाजूला काचेसारखा, जरा पारदर्शक थर दिसेल अन् मध्ये खडूसारखा पांढरा पिठूळ भाग. काचेच्या भागात स्टार्चचे कण प्रोटीनमध्ये दाटून बसलेले असतात, मधात हवाच नसते. पिठूळ भागात बारीक बारीक पोकळ्या असतात, वाफेला शिरायला जागा मिळते म्हणून दाब चढत नाही. जो फेस फुगते तो मुख्य काचेच्या भागाचा. म्हणून लाह्याच्या जवारीत काचेचा थर जाड अन् पिठूळ भाग टिकलीएवढा पाहिजे. काकूंचा भट्टीवाला दातानं हेच पाहत होता, कट् म्हणजे काच.

हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट म्हणून कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे, तिथं १९८० च्या सुमारास हजारो जवाऱ्या फोडून पाहिल्या होत्या. निघालं काय तर ज्या चांगल्या फुटतात त्यांचा दाणा लहान, आत कडक, टरफल मध्यम जाडीचं अन् कोंब म्हणजे अंकुराचा भाग दाण्याच्या मानानं छोटा. म्हणजे तुमच्या आत्याची जवारी!

मीठ_भाकर (१ ऑगस्ट, सकाळी ८:१५)

लहान दाणा चांगला हे काही पटत नाही. मोठ्या दाण्याची लाही मोठी झाली पाहिजे ना, साधा हिशोब आहे.

बियाणेवाला_पोट्टा (१ ऑगस्ट, सकाळी ८:२६)

फुटला तर मोठी होते, बरोबर. पण फुटत नाही ना! मोठ्या दाण्याच्या मधापर्यंत आच पोचायला वेळ लागते, तोपर्यंत बाहेरून करपते. दुसरं म्हणजे आपण दाणा मोठा केला तो भाकरीसाठी अन् उत्पन्नासाठी, अन् मोठं होताना त्यात बहुतेक वेळा पिठूळ भागच वाढला. जवारीच्या १,००० दाण्यांचं वजन साधारण २० ते ३५ ग्रॅमच्या मधात असते, तुमची हायब्रीड अन् आत्याची दोन्ही मोजून पहा, उत्तर तिथंच दिसेल. कोंबाचं पण तसंच, कोंबात तेल असते, स्टार्च नाही, तो काही फुगत नाही. नुसता बसून राहते पाहुण्यासारखा.

जुना_मास्तर (१ ऑगस्ट, दुपारी २:१०)

चर्चा छान चालू आहे. मी बुलढाणा जिल्ह्यातला, निवृत्त शिक्षक, त्यामुळे थोडं जुनं सांगतो, चालवून घ्या.

आमच्या लहानपणी जवारी म्हणजे पाच महिन्यांचं पीक. जून-जुलैत पेरली की दिवाळी उलटून गेल्यावर कापणी. ते वाण दिवसाच्या लांबीवर चालत, कितीही लवकर पेरा, दिवस लहान झाल्याशिवाय निसवायचे नाहीत, म्हणजे कणीस बाहेर टाकायचे नाहीत. त्यामुळे दाणा भरायचा तेव्हा पाऊस संपलेला, आकाश कोरडं, थंडी पडायला लागलेली. दाणा मोत्यासारखा निघायचा. १९६४ साली सीएसएच-१ हे पहिलं हायब्रीड आलं, मग त्याच्या मागून बाकीची आली, उत्पन्न वाढलं हे नाकारून चालणार नाही, त्या काळात पोटाला जवारी मिळाली ती त्यामुळेच. पण ही हायब्रीडं शंभर-एकशेदहा दिवसांत तयार होतात, म्हणजे नेमकी सप्टेंबरच्या शेवटी, परतीच्या पावसात. दाणा काळा पडतो, बुरशी धरतो. तो धुतला, घासला तरी आतून मऊ झालेला असतो, खडूसारखा. भाकर होईल कशीबशी, लाही कुठून होणार?

तेव्हा कोरडवाहू, तुमच्या हायब्रीडवर मागच्या सप्टेंबरात पाऊस पडला होता का ते आठवा.

कोरडवाहू (१ ऑगस्ट, रात्री ८:५०)

गुरुजी, पडला होता ना, चांगला चार दिवस. दाणा काळा नाही पडला जास्त पण जरासा मळका झालता, आईनं निवडून घेतलेली चांगली चांगली. मले वाटलं वरून पांढरी म्हणजे आतून चांगली.

बियाणेवाल्या भाऊ, ब्लेडनं चिरले दहा दहा दाणे. बोट पण चिरलं, ते वेगळं. हायब्रीडमध्ये मधात खडूच खडू, काच म्हणजे कडेनं एक नखभर रेघ. आत्याची आतून पुरी चिकणी, मधात एक पांढरा ठिपका. पण एक गोष्ट उलटी दिसली, आत्याची जवारी वरून पाहिली तर खडूसारखी निस्तेज दिसते अन् हायब्रीड चकचकीत मोत्यावानी. मंग वरून कसं ओळखावं?

बियाणेवाला_पोट्टा (१ ऑगस्ट, रात्री ९:३३)

वा, हे फार बारीक पाहिलं भाऊ! यात भलेभले फसतात. जवारीच्या टरफलाला थर असतात अन् मधल्या थरात काही वाणांमध्ये चक्क स्टार्च भरलेला असते, बाकी धान्यांमध्ये सहसा असं नसते. तो थर जाड असला की दाणा बाहेरून खडूसारखा दिसते, आतून कितीही काच असो. टरफल पातळ असलं की आतला रंग दिसते, दाणा मोत्यासारखा चमकते. म्हणजे वरची चमक टरफलाची बातमी सांगते, आतल्या कडकपणाची नाही. जाड टरफलाची जवारी उखळात सडायला पण सोपी जाते, कोंडा पटकन सुटते, म्हणून जुन्या लोकांनी ती राखून ठेवली असेल कदाचित.

चिरल्याशिवाय खात्री नाही. नाहीतर अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून त्यावर दाणे ठेवा, काचेचा दाणा उजळते, पिठूळ दाणा काळा गोळा दिसते. पण जाड टरफलवाल्यात हे पण फसवू शकते, ब्लेडच बरी. बोट सांभाळा फक्त.

लाहीताई (२ ऑगस्ट, दुपारी १२:४०)

मी वर्धा जिल्ह्यातून, आमचा बचत गट आहे दहा जणींचा, लाह्या, लाह्यांचं पीठ, लाह्यांचा चिवडा असं करतो. धागा वाचून अंगावर काटा आला कारण आम्ही हे सगळं पैसे बुडवून शिकलो आहे. पहिल्या वर्षी बाजारातून स्वस्तात स्वस्त जवारी आणली, निम्मी फुटली नाही. लाह्यांमध्ये गणंग राहिले अन् एका गिऱ्हाइकाचा दात दुखावला, तिनं पुन्हा कधी घेतल्या नाहीत.

आमचा अनुभव सांगते. एक, आम्ही दाणा घेताना शंभर दाणे मोजून तिथंच फोडून पाहतो, छोटी कढई सोबतच नेतो, व्यापारी हसतात, हसू द्या. दोन, फुटले किती हे एक अन् फुगले किती हे दुसरं. काही जवाऱ्या फुटतात भरपूर पण लाही बारीक, चिवट. आम्ही एक वाटी जवारीच्या किती वाट्या लाह्या झाल्या ते पाहतो, कारण लाह्या वजनावर विकल्या तरी पिशवी भरलेली दिसली पाहिजे ना. तीन, दोन चाळण्या मारायच्या, फार बारीक अन् फार मोठा दाणा वेगळा काढायचा. सगळे दाणे एकसारखे असले की एकदमच फुटतात, नाहीतर बारीक करपतात तोपर्यंत मोठे बसूनच.

अन् काकूंचं ओल द्यायचं बरोबर आहे पण आमच्या हातून कधी जास्त होते कधी कमी. याला काही माप आहे का?

बियाणेवाला_पोट्टा (२ ऑगस्ट, दुपारी १:३०)

ताई, आहे ना. साधारण १२ ते १६ टक्क्यांच्या मधात ओल असली तर जमते, १४ च्या आसपास धरून चला अन् मग आपल्या वाणाला काय मानवते ते शंभर दाण्यांनी पहा. समजा जवारी १० टक्क्यांची आहे अन् १४ वर न्यायची, तर एका किलोला ४५ ते ५० मिली पाणी लागते. हिशोब असा, १,००० ला गुणा टक्क्यांचा फरक ४, भागा १०० वजा १४ म्हणजे ८६. येते ४६. चहाच्या छोट्या कपानं अर्धा कप. शिंपडायचं, घट्ट झाकणाच्या डब्यात भरायचं, दिवसातून तीनचारदा हलवायचं, एक दोन दिवस ठेवायचं म्हणजे पाणी आतपर्यंत सारखं मुरते.

जास्त झालं तर टरफल नरम पडते, दाब चढायच्या आधीच फाटते, लाही छोटी अन् चिवट. ताई, तुमच्या चिवट लाह्यांचं एक कारण हे असू शकते.

चुलीवरची_काकू (२ ऑगस्ट, दुपारी ३:००)

माझ्या आधणाचा हिशोब पण लाव बापा एखाद दिवशी 😀

जुना_मास्तर (२ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२५)

या ओलीवरून एक गंमत सुचली. आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत जवारी पोत्यात ठणठणीत वाळते. नागपंचमी येते श्रावणात, दीड-दोन महिने दमट हवा खाऊन तीच जवारी आपोआप ओल धरते. म्हणजे वर्षातली लाह्या फोडायची सगळ्यात सोपी वेळ अन् सण एकाच महिन्यात. ठरवून केलं असं मी म्हणणार नाही, पण ज्या बायांनी मे महिन्यात अन् श्रावणात दोन्ही वेळा लाह्या करून पाहिल्या असतील त्यांना फरक दिसला असणारच.

कन्नडमध्ये लाह्यांना अरळू म्हणतात, अरळू म्हणजे उमलणं. सहज आठवलं.

अर्धा_किलो (२ ऑगस्ट, रात्री ८:०२)

अकोल्याच्या विद्यापीठानं हुरड्याच्या जवारीचे वाण काढले आहेत ना, पीकेव्ही अश्विनी वगैरे, तेच लावा, हुरडाही खा अन् राहिलेल्याच्या लाह्या फोडा. एका दगडात दोन पक्षी.

बियाणेवाला_पोट्टा (२ ऑगस्ट, रात्री ८:४४)

दोन्हीची निवडच उलट्या दिशेनं होते भाऊ. हुरड्याला दाणा गोड, रसाळ, मऊ पाहिजे, बोंडातून चटकन सुटला पाहिजे, तो दुधा-चिकातच खायचा असते. लाह्याला पिकून खडखडीत झालेला, कडक. हुरड्याची जवारी फुटणारच नाही असं नाही, पण तिला त्यासाठी निवडलेलं नाही. लाह्यासाठी म्हणून राहुरी विद्यापीठाचं फुले पंचमी नावाचं वाण आहे, नावावरूनच समजते कशासाठी. ते रब्बीचं आहे हे मात्र ध्यानात ठेवा, ओल धरणारी भारी जमीन पाहिजे.

कोरडवाहू (३ ऑगस्ट, रात्री १०:१५)

आज रविवार, दिवसभर हेच केलं. शंभर शंभर दाणे मोजून. बायको म्हणे वावरात निंदण पडलं अन् हे दाणे मोजू रायले.

हायब्रीड जशीच्या तशी: ३१ फुटले.
हायब्रीड ओल देऊन, काल दुपारपासून डब्यात: ४४.
आत्याची कणसातली, जशीच्या तशी: ८८.

तिची पुढं मोजायले दाणेच नव्हते, बियाण्याले मूठभर ठेवले. म्हणजे ओलीनं हायब्रीड सुधारली पण आत्याच्या जवारीपाशी नाही पोचली. खडू तो खडूच. मीठभाकर भाऊ, तिन्ही घाणे एकाच कढईत, प्रत्येक वेळी पाण्याचा थेंब टाकून ताप पाहून घेतला.

लाहीताई, मी आत्याले फोन केला, तिच्याकडे पोतंभर हाये म्हणे तीच जवारी. वीस किलो बोलावतो, तुम्हाला पाहिजे का?

लाहीताई (३ ऑगस्ट, रात्री १०:४०)

पाठवा भाऊ, आधी पाच किलो. ८८ पडले तर सगळी घेऊ. शंभर दाणे मी इकडे पण फोडून पाहणार हं, राग मानू नका.

मीठ_भाकर (४ ऑगस्ट, सकाळी ७:३०)

ठीक आहे बाप्पा, मानलं. पण रंगाचं काय? आमच्याकडे म्हणतात लाल जवारी जास्त फुटते.

बियाणेवाला_पोट्टा (४ ऑगस्ट, सकाळी ९:०५)

रंग टरफलाचा. लाल असो पांढरी असो, आत काच असली अन् टरफल शाबूत असलं तर फुटेल. लाल फुटली तरी लाही पांढरीच होते, फक्त टरफलाचे तुकडे चिकटलेले दिसतात. काही गडद जवाऱ्यांमध्ये टरफलाखाली टॅनिनचा थर असते, त्यांची लाही तुरट लागते, पाखरं पण त्या कमी खातात.

अर्धा_किलो (४ ऑगस्ट, सकाळी ९:२०)

पाखरं नाही खाणार पण रानडुकराचं काय, त्याले तुरट-गोड सारखंच. आमच्याकडे जवारी बंद झाली ती त्याच्याच कृपेनं.

कोरडवाहू (१० ऑगस्ट, रात्री ९:२८)

मंडळी, तोंड लपवायची पाळी आली.

आत्याची जवारी आली, पाच किलो ताईकडे पाठवली, थोडी घरी ठेवली. ताईचा फोन आला, भाऊ ६० फुटले. मी घरी फोडून पाहिले, ६३. तोच वाण, त्याच वावरातला, त्याच वर्षीचा. चिरून पाहिला तर आतून तशीच काच. ओल देऊन पाहिली, ६७ वर गेली अन् थांबली. काका म्हणतात आढ्याले टांगल्यानं धूर लागते, धुराचा गुण असते. आता धूर विकू का मी?

लाहीताई (१० ऑगस्ट, रात्री ९:५०)

भाऊ तोंड काय लपवता, ६० पण आमच्या बाजारच्या जवारीपेक्षा चांगलंच आहे. पण कारण शोधा, कारण सापडलं तर आम्हालाही उपयोग.

चुलीवरची_काकू (११ ऑगस्ट, सकाळी ६:५५)

टोके लागले आहेत का पहा आधी. टोक्यानं पाडलेलं भोक डोळ्याला लवकर दिसत नाही. आमच्याकडे मिठाचं घट्ट पाणी करायचे, आणखी मीठ विरघळेना इतकं, त्यात दाणे टाकायचे. पोकळ, भुसकट, किडका वर तरंगते, भरीव खाली बसते. मग साध्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळवायचे.

कोरडवाहू (११ ऑगस्ट, रात्री ८:१०)

केलं काकू. शंभरात सहा तरंगले. खाली बसलेले फोडले तर ६५ च्या आसपास. म्हणजे ते पण नाही.

जुना_मास्तर (११ ऑगस्ट, रात्री ८:३६)

एक साधा प्रश्न. आढ्याची कणसं आईने काठीनं झोडली. पोत्यातली जवारी आत्यानं कशी काढली?

कोरडवाहू (११ ऑगस्ट, रात्री ८:४१)

थ्रेशरनं.

आईशप्पथ.

बियाणेवाला_पोट्टा (११ ऑगस्ट, रात्री ९:०२)

गुरुजी 🙏 मी टरफल चिरलं तर शिट्टी निघालेला कुकर म्हणून स्वतःच लिहिलं होतं अन् स्वतःच विसरलो.

भाऊ, मेडिकलमधून टिंक्चर आयोडीनची बाटली आणा, थोडं पाण्यात पातळ करा, त्यात शंभर दाणे थ्रेशरचे अन् दुसऱ्या वाटीत जे मूठभर बियाणं राहिलं त्यातले वीस पंचवीस. पाच मिनिटांनी साध्या पाण्यानं धुवा. आयोडीन स्टार्चला लागलं की निळंकाळं होते. टरफल शाबूत असेल तर रंग आत शिरत नाही, जिथं चीर असेल तिथं निळी रेघ उमटेल. कोंबाच्या टोकाकडे, जिथून दाणा बोंडाला चिकटलेला असते तिथं थोडा रंग सगळ्यांनाच लागेल, तो धरू नका. अन् ते दाणे नंतर फेकून द्या, कोंबड्यांना पण टाकू नका.

कोरडवाहू (१७ ऑगस्ट, दुपारी ४:२०)

केलं. पोरगी पण बसली सोबत, तिले शाळेत आयोडीनचा प्रयोग हाये सातवीत.

थ्रेशरच्या शंभरातल्या २९ दाण्यांवर निळ्या रेघा. काहींवर तर जाळं, कोळ्याचं असते तसं. नुसत्या डोळ्यानं पाहिले तर एकदम चांगले दाणे! काठीनं झोडलेल्या पंचवीसपैकी एकावर. मंग पोरीनं अजून एक केलं, मी नाही सुचवलं हो, तिनंच केलं. थ्रेशरच्या पोत्यातले न रंगवलेले दाणे भिंगाखाली धरून धरून शाबूत वाटतात तेवढे पन्नास निवडले अन् फोडले. ४२ फुटले. शंभराचा हिशोब धरला तर ८४.

धुराचा गुण नव्हता काका.

थ्रेशरवाला (१७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:०५)

मी दहा वर्षं झाले थ्रेशर चालवतो, हंगामात चार तालुके फिरतो. सगळे थ्रेशरले बोलून राहिले म्हणून लिहितो. दोष मशीनचा नाही, घाईचा आहे. कास्तकार म्हणते तासात उरकून दे, दुसऱ्याचा नंबर लागलेला असते, मग आपण ड्रम पळवतो. सोयाबीन काढून आलेलं मशीन तसंच जवारीवर लावतो, जाळी बदलत नाही, अंतर बदलत नाही. अन् कास्तकार पण कणसं खळ्यात पंधरा दिवस उन्हात पाडून ठेवते, दाणा काचेसारखा ठिसूळ होते, आपटला की तडकणारच. तुम्ही म्हणता लाह्याले काचेचा दाणा पाहिजे, काच आपटली की काय होईल तुम्हीच सांगा.

लाह्याची जवारी काढायची असेल तर आधी सांगत जा. ड्रमचा वेग कमी करतो, ड्रम अन् जाळीतलं अंतर वाढवतो, थोडी कणसं अर्धवट राहतीन ती पुन्हा घालू. वेळ जास्त लागते म्हणून तासाचे पैसे जास्त पडतीन, नंतर भांडू नका. अर्धा एकरच असेल तर खरं सांगू का, बाजेवर झोडून काढा, मले बोलावूच नका.

जुना_मास्तर (१७ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०)

थ्रेशरवाले भाऊ, तुमचा हा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात कामाचा. अन् एक भर घालतो. ओली-सुकी, ओली-सुकी असं झालं तरी दाण्याला आतून तडे जातात, जसे तांदळाला जातात. सिमेंटच्या खळ्यावर कडक उन्हात वाळवायचं अन् रात्री दवात उघडं टाकायचं, हे लाह्याच्या जवारीला नको. काकू पहिल्याच दिवशी सावली म्हणाल्या होत्या ते यासाठीही.

लाहीताई (१७ ऑगस्ट, रात्री ८:१५)

आता मला सांगा, मी जवारी घ्यायला जाईन तेव्हा कढईसोबत आयोडीनची बाटली पण नेऊ का? व्यापारी आधीच हसतात 😄

कोरडवाहू भाऊ, आलेल्या पाच किलोचे पैसे पाठवते, ६० च्या भावानं नाही, पूर्ण भावानं. पुढच्या वर्षी अर्ध्या एकराची मी घेते, फक्त झोडून काढलेली. झोडायची मजुरी भावात धरा, आत्ताच ठरवून टाकू, फोनवर बोलू. अन् चाळणी मी मारीन, ते तुम्ही करू नका, दोनदा होते मग.

मीठ_भाकर (१७ ऑगस्ट, रात्री ८:३३)

अर्धा एकर जवारी, चहूकडे सोयाबीन. सगळ्या गावाची पाखरं अन् रानडुकरं तुमच्याच वावरात येणार भाऊ, हे कोणी बोलून नाही राहिलं.

कोरडवाहू (१७ ऑगस्ट, रात्री ९:१०)

ते खरं हाये भाऊ, त्यावर रात्री बैठक झाली घरात. घराला लागून जो तुकडा हाये तिथं टाकणार, कुत्रं तिथंच असते अन् आई दिवसभर ओट्यावर. ती म्हणे मी हाकलते पाखरं, मले काय काम हाये. आता उशीर झाला यंदा, जूनमध्ये टाकू. आत्याले सांगितलं की चांगली भरलेली वीस-पंचवीस कणसं या हंगामात बियाण्याले काढून ठेव, आढ्याले टांग, थ्रेशरजवळ नेऊ नको.

अर्धा_किलो (१७ ऑगस्ट, रात्री ९:१४)

मले पण चार कणसं ठेवा बियाण्याले. अन् ते आयोडीनवाले दाणे खरंच कोंबडीनं खाल्ले तर काय होते? आमच्या पोट्ट्यानं प्रयोग करून अंगणातच टाकले.

बियाणेवाला_पोट्टा (१७ ऑगस्ट, रात्री ९:१६)

उचला आधी ते, मग विचारा.